सोळा कोअर घेऊनही काम तेवढ्याच वेळात: डेटाच्या मोठ्या कामांना मल्टिकोअरचा खरोखर किती उपयोग होतो?

पाणवठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली काही वर्षे माझ्याकडे दर महिन्याला एक ठरलेले काम येते. मोजमाप करणाऱ्या यंत्रांच्या नोंदींची एकच भली मोठी फाइल जीझिपने आवळलेल्या स्वरूपात मिळते. ती उलगडायची, प्रत्येक ओळीतले रकाने वेगळे करायचे, यंत्रानुसार आणि तासानुसार बेरजा काढायच्या, निकाल क्रमाने लावायचा आणि शेवटी तो डेटाबेसमध्ये भरायचा, असे त्या कामाचे स्वरूप आहे. हे सगळे आजवर चार कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे एकक) संगणकावर चालत होते आणि सकाळी सुरू केलेले काम दुपारी संपत असे. आता सोळा कोअरचा संगणक मिळाल्यावर ते तासाभरात आटोपेल अशी माझी पक्की समजूत होती. प्रत्यक्षात ते आजही दुपारीच संपते. फार तर थोडे अलीकडे.

प्रोसेसर या वळणावर का आले, हे मला ठाऊक आहे. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार ट्रान्झिस्टर लहान होत गेले की त्यांना लागणारी वीजही त्या प्रमाणात कमी होत असे, त्यामुळे घड्याळाचा वेग वाढवत नेता येत होता. २००५ च्या आसपास हे गणित बसेनासे झाले, पेंटियम ४ चा वेग ३.८ गिगाहर्ट्‌झवर अडला आणि त्याच वर्षी इंटेल आणि एएमडी या दोघांनीही घरगुती संगणकांसाठी दोन कोअरचे प्रोसेसर आणले. आयबीएमचा पॉवर४ तर २००१ मध्येच दोन कोअर घेऊन आला होता. म्हणजे कोअर वाढवण्याचा मार्ग प्रामुख्याने उष्णतेच्या अडचणीतून निघाला. तो डेटाच्या कामांसाठी मुद्दाम आखलेला नव्हता.

माझा प्रश्न असा आहे की, ज्या कामात आकडेमोड थोडी आणि डेटा प्रचंड असतो, अशा कामाला कोअर वाढवल्याने मुळात काही फायदा होतो का? की माझ्याच कामात काही दोष आहे?

मोजपट्टी

दोष शोधण्याआधी एक साधी गोष्ट पाहून घ्या. काम चालू असताना प्रोसेसरचा एकूण वापर किती टक्के दिसतो? सोळा कोअरच्या संगणकावर तो सव्वासहा टक्क्यांच्या आसपास स्थिर असेल, तर एकच कोअर राबत आहे आणि पंधरा कोअर हातावर हात धरून बसले आहेत, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

माझा पहिला संशय त्या जीझिपच्या फाइलवर आहे. जीझिपमध्ये मजकूर आवळताना 'हाच तुकडा थोडा मागे येऊन गेला आहे, तिथून उचला' अशा खुणा लिहिलेल्या असतात आणि ही खूण ३२ किलोबाइट मागेपर्यंतच्या मजकुराकडे बोट दाखवू शकते. त्यामुळे फाइलच्या मधूनच उलगडायला सुरुवात करायची म्हटले, तर आधीचा मजकूर हाती नसल्याने त्या खुणांचा अर्थच लागत नाही. पिग्झसारखे साधन आवळण्याचे काम सगळ्या कोअरवर उत्तम वाटून देते, परंतु उलगडताना त्याचा मुख्य भाग एकाच थ्रेडवर (प्रोग्राममधल्या कामाच्या एका सलग धाग्यावर) चालतो. वाचणे, लिहिणे आणि पडताळणी एवढीच कामे तो इतरांकडे सोपवतो. आपल्या कामाची पहिलीच पायरी एकपदरी असेल आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्याकडून येणाऱ्या डेटावर अवलंबून असतील, तर मागे कितीही हात उभे केले तरी ते वाटच पाहणार.

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा हाच आहे. समजा, काम एका कोअरवर १०० मिनिटे चालते आणि त्यातली ९० मिनिटे वाटून घेण्याजोगी आहेत. सोळा कोअरवर ती ९० मिनिटे साडेपाच मिनिटांच्या थोडी वर येतील, पण उरलेली १० तशीच राहतील, म्हणजे एकूण पावणेसोळा मिनिटांच्या आत-बाहेर. सोळापट खर्च करून वेग ६.४ पट झाला. कोअर कितीही वाढवले तरी १० मिनिटांच्या खाली काम जाणार नाही. वाटण्याजोगा भाग निम्माच असेल, तर त्याच सोळा कोअरवर १०० मिनिटांची ५३ होतात आणि तिथेच गाडी थांबते.

शक्य असेल तर महिन्याची एक फाइल घेण्याऐवजी दिवसागणिक वेगळी फाइल मागवा. तीस फाइली असल्या की प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे उलगडता येते आणि हा अडथळा मुळातूनच निघून जातो.

तांबडीमाती

मोजपट्टी यांनी सांगितलेले योग्यच आहे, मात्र तो अडथळा काढल्यावर धागाकर्त्यांना लगेच दुसरी भिंत लागेल आणि ती हार्डवेअरची आहे. त्यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण खरेदी करताना कोअरची संख्या सगळे पाहतात आणि मेमरीच्या वाहिन्या (मेमरीतून प्रोसेसरपर्यंत डेटा नेणारे मार्ग) किती आहेत हे फारच थोडे लोक विचारतात.

डीडीआर४-३२०० प्रकारच्या मेमरीची एक वाहिनी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट डेटा देऊ शकते. टेबलावरच्या बहुतेक संगणकांत अशा दोन वाहिन्या असतात, म्हणजे ५१.२. चार कोअर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १२.८ गिगाबाइट येतात आणि सोळा कोअर असतील तर ३.२. कोअर चौपट झाले, पण नळ तेवढाच राहिला. आता हा ३.२ चा आकडा जवळून पाहा. कोअर ३.२ गिगाहर्ट्‌झवर चालतो असे धरले, तर घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला त्याच्या वाट्याला मेमरीतून एक बाइट येतो. आठ बाइटांची एक संख्या यायला आठ ठोके लागतात. तोच कोअर एका सूचनेत (प्रोसेसरला दिलेल्या एका आज्ञेत) अशा चार संख्यांची बेरीज सहज करतो. बेरीज करण्याची ताकद पडून राहते आणि कोअर पुढच्या संख्येची वाट पाहत बसतो. नुसती लांबलचक बेरीज करायची असेल तर तीन-चार कोअरच अशा दोन वाहिन्या भरून टाकू शकतात, पाचव्यापासून पुढच्या कोअरना करायला काही उरत नाही.

मोठ्या सर्व्हरमध्येही प्रमाण फार वेगळे नसते. आठ वाहिन्या असलेल्या ६४ कोअरच्या एएमडी एपिक प्रोसेसरला त्याच मेमरीतून एकूण २०४.८ गिगाबाइट मिळतात. भागून पाहिले की कोअरमागे पुन्हा ३.२ च येतात.

या संदर्भात अमेरिकेतल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेचे काम आवर्जून सांगावेसे वाटते. मोठ्या डेटासंचातून माहिती काढणाऱ्या कार्यक्रमांची नक्कल त्यांनी संगणकावर चालवून पाहिली आणि २००९ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन कोअरवरून चारवर जाताना वेग चांगला वाढला, चारवरून आठवर जाताना जेमतेम वाढला, आठच्या पुढे तो घटू लागला आणि सोळा कोअरची कामगिरी जवळपास दोन कोअरइतकीच भरली. मेमरीपर्यंतचा अपुरा मार्ग आणि त्या मार्गासाठी कोअरांमध्ये होणारी चढाओढ ही कारणे त्यांनी दिली होती. विल्यम वुल्फ आणि सॅली मकी यांनी १९९५ मध्येच या 'मेमरीच्या भिंती'चा इशारा दिला होता.

आणखी एक सावधगिरीची सूचना. मेमरीची वाट पाहणारा कोअर कार्यप्रणालीला 'कामात गर्क' असाच दिसतो. डिस्कची वाट पाहणारी प्रक्रिया बाजूला काढली जाते, त्यामुळे तिचे थांबणे आकड्यांत दिसते. मेमरीची वाट मात्र शंभर टक्के वापराच्या आड लपून राहते. मेमरीतून एखादी गोष्ट यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागले, तर ३ गिगाहर्ट्‌झच्या कोअरचे ३०० ठोके वाया जातात. लिनक्सवरच्या पर्फसारख्या साधनाने एका ठोक्याला किती सूचना पूर्ण होतात ते मोजा. हा आकडा एकाच्या बराच खाली असेल, तर शंभर टक्के वापराला भुलू नका.

दीपमाळ

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून एखाद्याला वाटेल की डेटाच्या कामांसाठी मल्टिकोअर म्हणजे पैशाची नासाडीच. मी अनेक वर्षे डेटाबेसचे सर्व्हर सांभाळते आणि या निष्कर्षाशी मी अजिबात सहमत नाही.

एकच काम किती लवकर संपते हा एक प्रश्न आहे आणि दिवसभरात किती कामे उरकतात हा अगदी वेगळा प्रश्न आहे. सर्व्हरवर एका वेळी दोनशे जणांच्या क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) येतात, त्यातली प्रत्येक लहान असते, प्रत्येकीला लागणारे तक्त्यांचे भाग बहुधा आधीच कॅशमध्ये (हाताशी ठेवलेल्या जलद मेमरीत) असतात आणि त्या एकमेकींवर अवलंबून नसतात. अशा ठिकाणी कोअर दुप्पट केल्यावर रांग निम्म्यावर आलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. अ‍ॅमडाल यांचे सूत्र कामाचा आकार कायम धरते. जॉन गुस्टाफसन यांनी १९८८ मध्ये नेमके यावर बोट ठेवले: जास्त प्रोसेसर मिळाले की माणसे तेच काम लवकर उरकून घरी जात नाहीत, तर तेवढ्याच वेळात अधिक मोठे काम हाती घेतात. १०२४ प्रोसेसरच्या यंत्रावर हजारपटीहून अधिक वेगवाढ त्यांच्या गटाने दाखवली होती, आणि तीही त्याच सँडिया प्रयोगशाळेत, हे इथे लक्षात घ्यावे. अर्थात तिथे प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची मेमरी होती. सँडियाच्या या दोन निष्कर्षांमधले अंतर बहुतांशी तेवढ्या एका गोष्टीत आहे, असे माझे मत आहे.

एकेरी क्वेरीचे म्हणाल तर सॉफ्टवेअरने तशी तयारी ठेवलेली असावी लागते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक क्वेरी अनेक प्रक्रियांत वाटण्याची सोय ९.६ या आवृत्तीत, म्हणजे २०१६ मध्ये आली आणि तेव्हा ती मुळात बंद ठेवलेली होती. दहाव्या आवृत्तीपासून ती चालू स्थितीत येते, पण वाटपाच्या एका टप्प्यावर मदतनीस प्रक्रिया दोनच मिळतात. सोळा कोअर विकत घेऊन हा आकडा कधीच न बदललेले सर्व्हर मी पुष्कळ पाहिले आहेत. आठ मेगाबाइटांहून लहान तक्त्यांसाठी तो साधारणपणे वाटपाचा विचारही करत नाही, आणि ते बरोबरच आहे. डेटा भरण्याची एक आज्ञा मात्र एकाच प्रक्रियेत चालते. तिथे वेग हवा असेल तर फाइलीचे तुकडे करून अनेक जोडण्यांमधून एकाच वेळी भरणे हाच उपाय.

धागाकर्त्यांच्या कामात 'ओळीतले रकाने वेगळे करणे' ही पायरी आहे. मजकुराच्या अंकांची संख्या करणे हे वाटते त्यापेक्षा खूप महागडे असते. तिथे कोअर मेमरीसाठी थांबत नाही, खरोखर राबत असतो. ही पायरी सोळा कोअरवर छान पसरेल. डेटा मोठा आहे एवढ्यावरून काम मेमरीने अडलेले आहे असे ठरत नाही. प्रत्येक बाइटमागे किती काम करावे लागते, त्यावर ते ठरते.

कडेलोट

डिस्कचा विषय कोणी काढला नाही म्हणून थोडक्यात लिहितो. फिरणारी हार्डडिस्क सलग वाचताना सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइट देते, साटा जोडणीचा एसएसडी ५५० च्या आसपास थांबतो आणि एनव्हीएमई जोडणीचा चांगला एसएसडी साडेतीन ते सात गिगाबाइट देतो. सोळा थ्रेड एकाच फिरणाऱ्या डिस्कवर वेगवेगळ्या ठिकाणी वाचू लागले, तर डिस्कचे डोके मागेपुढे पळत राहते आणि काम एका थ्रेडपेक्षाही हळू होते. फाइली कोणत्या डिस्कवर आहेत, हे आधी सांगा.

सुतारपक्षी

मी प्रोग्राम लिहिणारा माणूस आहे, म्हणून कोडच्या बाजूने एक अनुभव सांगतो. आठ थ्रेड आणि आठ मोजण्या, प्रत्येक थ्रेडची स्वतःची मोजणी, कुणाचा कुणाशी संबंध नाही, लॉक (एका वेळी एकालाच लिहू देणारे कुलूप) नाही, अशी रचना मी एकदा केली होती. ती एका थ्रेडपेक्षा हळू चालली. दोन दिवस मी अल्गोरिदममध्ये चूक शोधत राहिलो.

कारण असे निघाले की त्या आठ मोजण्या मी एकापाठोपाठ एक अशा एकाच अ‍ॅरेत ठेवल्या होत्या. प्रत्येक मोजणी आठ बाइटांची, म्हणजे एकूण ६४ बाइट, आणि आपल्या नेहमीच्या प्रोसेसरमध्ये कॅशची (कोअरजवळच्या जलद मेमरीची) एक ओळ ६४ बाइटांचीच असते. कोअरच्या दृष्टीने मालकी त्या संपूर्ण ओळीची असते, तिच्यातल्या एका मोजणीची नव्हे. त्यामुळे पहिल्या कोअरने आपली मोजणी एकाने वाढवली की उरलेल्या सात कोअरांकडची ती ओळ बाद ठरते, त्यांना ती पुन्हा मागवावी लागते आणि मग त्यांच्यापैकी एकाने लिहिले की हीच खेचाखेच पुन्हा सुरू होते. कागदावर स्वतंत्र असलेले आठ थ्रेड प्रत्यक्षात एकाच ओळीसाठी रांगेत उभे होते. उपाय दोन शब्दांचा होता: प्रत्येक थ्रेडने आपली बेरीज स्वतःपुरत्या चलात ठेवायची आणि अगदी शेवटी एकदाच सगळ्या बेरजा एकत्र करायच्या. पाणवठा, आपण यंत्रानुसार बेरजांचे तक्ते ठेवत असाल तर एकच सामाईक तक्ता आणि त्याला लॉक, अशी रचना आहे का ते पाहा. तशी असेल तर थ्रेडगणिक वेगळे तक्ते करून शेवटी ते मिसळा.

पायथॉन वापरत असाल तर आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या नेहमीच्या आवृत्तीत एका वेळी एकच थ्रेड पायथॉनचा कोड चालवू शकतो. असे बंधन घालणारे कुलूप नसलेली आवृत्ती ३.१३ बरोबर ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, तीही प्रायोगिक म्हणून. वेगळ्या प्रक्रिया सुरू करून हे टाळता येते, पण मग प्रक्रियांमध्ये डेटा पाठवताना तो बांधायचा आणि सोडायचा खर्च येतो, आणि डेटा मोठा असेल तर त्या खर्चातच सगळी कमाई जाते.

नवीनसदस्य

चर्चा फार उपयुक्त आहे. माझ्या संगणकात आठ कोअर आहेत, पण कार्यप्रणाली सोळा दाखवते. या कामासाठी आठ धरावेत की सोळा?

तांबडीमाती

@नवीनसदस्य, आठ धरा. एका कोअरवर दोन थ्रेड एकाच वेळी बसवण्याची ती सोय आहे. एक थ्रेड मेमरीसाठी थांबला की दुसरा पुढे सरकतो, त्यामुळे विखुरलेल्या ठिकाणांहून लहान लहान वाचन करणाऱ्या कामात तिचा फायदा होतो. सलग वाचनाने मेमरीच्या वाहिन्या आधीच भरलेल्या असतील तर फायदा जवळजवळ शून्य असतो.

मोजपट्टी

कोअर वाढवण्याच्या नादात एका कोअरची ताकद आपण विसरतो, म्हणून एक संदर्भ देतो. फ्रँक मॅकशेरी, मायकेल इसार्ड आणि डेरेक मरे यांनी २०१५ मध्ये मोठ्या आलेखांवर (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या दुव्यांच्या जाळ्यांवर) काम करणाऱ्या, शंभराहून अधिक कोअर वापरणाऱ्या नावाजलेल्या प्रणालींचे प्रसिद्ध झालेले आकडे घेतले आणि तीच कामे लॅपटॉपवर एका थ्रेडमध्ये नीट लिहून चालवली. त्यातल्या बऱ्याच प्रणालींना तो एकटा थ्रेड भारी पडला. 'आमची प्रणाली कोअरच्या प्रमाणात वाढते' एवढे म्हणणे पुरेसे नाही; एका थ्रेडमध्ये उत्तम लिहिलेल्या प्रोग्रामला मागे टाकायला किती कोअर लागतात, हे विचारायला हवे.

याच कारणाने मी कोअरपेक्षा बाइट मोजायला सांगतो. चाळीस रकान्यांच्या नोंदी असतील आणि बेरजेला तीनच लागत असतील, तर ओळीओळीने साठवलेल्या डेटामधून चाळीसही रकाने मेमरीच्या नळातून ओढावे लागतात. रकान्यानुसार साठवले तर तीनच. रकाने सारख्याच रुंदीचे धरले तर हे साडेसात टक्के वाचन झाले. यंत्राच्या लांबलचक नावाऐवजी दोन बाइटांचा क्रमांक ठेवला तर ६५,५३६ यंत्रांपर्यंत भागते. डकडीबी आणि पोलर्स ही साधने वेगवान वाटतात त्यामागे हे रकान्यांचे साठवण आणि अनेक कोअरचा वापर या दोन्ही गोष्टी आहेत, परंतु माझ्या अनुभवात पहिल्या गोष्टीचा वाटा मोठा असतो.

दीपमाळ

बाइटांबद्दल पूर्ण सहमत. हार्डवेअर बनवणाऱ्यांनीही शेवटी हेच मान्य केले, एवढीच पुस्ती जोडते. फुजित्सूच्या ए६४एफएक्स प्रोसेसरमध्ये ४८ संगणक-कोअर आहेत आणि मेमरी थेट प्रोसेसरच्या शेजारी थरांवर थर रचून बसवलेली आहे. तिच्यातून सेकंदाला १०२४ गिगाबाइट मिळतात, म्हणजे कोअरमागे २१ च्या वर. याच प्रोसेसरवर उभा असलेला फुगाकू जून २०२० मध्ये जगातल्या महासंगणकांच्या यादीत पहिला आला. सँडियाच्या २००९ च्या निष्कर्षांत घसरगुंडी दिसत होती ती कोअरांच्या संख्येमुळे नव्हती. त्यांना पोसणारा मार्ग रुंद केला की तेच कोअर कामाला येतात.

पाणवठा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गेले दोन आठवडे मी एकेक गोष्ट करून पाहिली आणि जे दिसले ते इथे मांडतो.

प्रोसेसरचा वापर खरोखरच सहा टक्क्यांच्या आसपास अडकलेला होता. फाइली पाठवणाऱ्यांनी विनंती मान्य करून दिवसागणिक वेगळ्या फाइली द्यायला सुरुवात केली आणि त्यानंतर पहिल्यांदाच सगळे कोअर हललेले दिसले. उलगडणे आणि रकाने वेगळे करणे या दोन पायऱ्या आता सोळाही कोअरवर चांगल्या पसरतात. दीपमाळ यांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. फाइली एनव्हीएमई एसएसडीवर आहेत, त्यामुळे डिस्कचा अडथळा आला नाही. बेरजांच्या पायरीत सुतारपक्षी यांनी वर्णिलेला सामाईक तक्ता आणि लॉक जसेच्या तसे निघाले. ते थ्रेडगणिक वेगळे केल्यावर आठ कोअरपर्यंत वेग वाढत गेला. आठच्या पुढे सोळापर्यंत नेल्यावर मात्र वेळ जवळजवळ हलला नाही आणि एका ठोक्यामागच्या सूचनांचा आकडा खाली आला, म्हणजे तांबडीमाती यांची भिंत लागली. यंत्रांची नावे काढून क्रमांक ठेवल्यावर ती भिंतही थोडी मागे सरकली. डेटाबेसमध्ये भरण्याचे काम अजून एकाच जोडणीतून होते, त्यामुळे आता एकूण वेळेत सगळ्यात मोठा वाटा त्याचाच आहे. काम सकाळच्या पहिल्या प्रहरातच संपू लागले आहे.

एक नवी अडचण मात्र उभी राहिली. कोअरची संख्या बदलली की बेरजांचे शेवटचे दशांश अंक बदलतात. दशांश संख्यांच्या बेरजेत प्रत्येक वेळी थोडे पूर्णांकन होते आणि थ्रेडगणिक बेरजांचा क्रम बदलल्याने ते वेगळ्या ठिकाणी होते, इतपत कारण माझ्या लक्षात आले आहे. मागच्या महिन्याचा अहवाल पुन्हा काढल्यावर तो अंकाला अंक जुळला पाहिजे, असा आमच्याकडे दंडक आहे. सध्या मी सगळी मापे हजाराने गुणून पूर्णांकात साठवण्याच्या विचारात आहे, कारण पूर्णांकांची बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी तीच येते आणि नोंदींमध्ये तीनच दशांश स्थळे असल्याने काही गमावले जात नाही. ६४ बिटांच्या संख्येत महिन्याची सर्वांत मोठी बेरीज मावते का, एवढे आज तपासून पाहतो.

सुतारपक्षी

निश्चित मावेल. चिन्हासह ६४ बिटांत ब्याण्णव हजार कोटी कोटींच्या वर जागा असते. हजाराने गुणण्याचे काम रकाने वेगळे करतानाच करून टाका. मजकुरातला दशांशबिंदू वगळून अंक वाचले की दशांश संख्या तयार करण्याची पायरीच उरत नाही. एखाद्या नोंदीत दशांश स्थळे तीनपेक्षा कमी असतील तर मागे शून्ये भरायला मात्र विसरू नका.